गट मोडण्याआधी हा पाठ वाचा : अजय-अतुल यांची वाटचाल

ताईंनो,

आपल्याकडे लग्नाची वरात 'झिंगाट' वाजल्याशिवाय पुढे सरकत नाही. 2016 च्या 'सैराट'मधलं हे गाणं अजय आणि अतुल गोगावले या सख्ख्या भावांचं. आज त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीची वर्षं कशी गेली, ते बघू.

वडील महसूल खात्यात नोकरीला. बदल्यांमुळे बालपण जुन्नर, शिरूर अशा गावांत गेलं. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, घरात वाद्यंही नव्हती. मग ज्याच्याकडे वाद्य, त्याच्याशी ओळख काढायची आणि शाळेत, देवळात, बँडवाल्यांकडे हात बसवायचा. पुढे जाहिराती, नाटकं, मिळेल ते काम केलं. 2001 मध्ये गणपतीच्या गाण्यांचा 'विश्वविनायक' आला. 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2010 ला 'नटरंग'ही आला. 'सैराट'च्या वेळी तर अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं. 'विश्वविनायक' ते 'सैराट', 15 वर्षं!

परदेशातही हेच. इंग्लंडचा 'बीटल्स' हा चार पोरांचा बँड. ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात रात्र-रात्र वाजवायचे. 1962 मध्ये डेका या मोठ्या कंपनीने त्यांना नकार दिला. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने त्यांचं गाणं काढलं आणि पुढे ते जगभर गाजले.

आता आपलं बघू. वर्ष झालं नाही तोच काही गटांत बोलणं सुरू होतं, "काय मिळालं आपल्याला? मोडून टाकू." बँकेने फाईल परत पाठवली की हे जास्तच होतं.

यातून काय घ्यायचं?

1. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री म्हणजे आपला रियाज. टाळ्या मिळोत न मिळोत, तो चुकवायचा नाही.
2. भांडवल नाही म्हणून थांबायचं नाही. शेवयाची मशीन नसेल तर दुसऱ्या गटाची भाड्याने घ्या, पण हात बसवा.
3. फाईल परत आली तर कारण विचारा, त्रुटी भरा, पुन्हा द्या.

कष्ट करणाऱ्या प्रत्येकाचं नाव होतंच असं नाही, हे खरं. पण संधी दारात आली तेव्हा हे लोक तयार होते. गट मोडला तर संधी कुणाच्या दारात येणार?

बैठकीत चर्चा करा

- मागच्या सहा महिन्यांत आपल्या किती बैठका चुकल्या? का?
- पैसे न लागता या महिन्यात आपण काय शिकू शकतो?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या भेटीत सोबत बसून वाचू.