पन्नाशीनंतर जोडीने पायी वारी

माउलींची पालखी वेळापूरहून भंडीशेगाव, वाखरीमार्गे पंढरपूरला जाते. ही सुमारे तीस किलोमीटरची वाट सौ.बरोबर पायी चालण्याचे मी ठरविले. वय बावन्न, रक्तदाबाची गोळी चालू; म्हणून प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर व हृदय तपासून घेतले.

आषाढीआधी बारा आठवडे आम्ही सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे, पुढे दर आठवड्याला पाच मिनिटांची वाढ. रविवारी लांब फेरी. अखेरीस ती दहा किलोमीटर झाली. ऊन टाळण्यासाठी सूर्योदयापूर्वीच निघत असू.

चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, हा सरावाचा वेग. वारीत मात्र अभंग म्हणत चालायचे असते. तेथे वेग कमीच ठेवावा. गुडघ्यांना आधार मांडीच्या स्नायूंचा. त्यासाठी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. नवी पादत्राणे ऐनवेळी घालू नयेत.

जोडीने चालताना सावकाश चालणाऱ्याची चाल धरावी. छातीत दडपण, थंड घाम वा चक्कर आल्यास लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे. वाचकहो, गोळ्या घरी विसरू नका!