पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

(न्यायालयात गरीब व श्रीमंत सारखेच, असे आपण म्हणतो. पण वकिलाला देण्यासाठी ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याने काय करावे? एका कैद्याने हाच प्रश्न आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारला. त्याची ही हकीगत.)

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पनामा सिटी नावाचे शहर आहे. ३ जून १९६१ रोजी पहाटे तेथील एका खेळघरात चोरी झाली. यंत्रांतील नाणी व काही बाटल्या गेल्या. पोलिसांनी क्लॅरन्स अर्ल गिडियन या गरीब माणसाला पकडले. त्याचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले होते.

खटला सुरू होताच गिडियनने वकील मागितला. न्यायाधीशांनी नकार दिला. त्या काळी फ्लोरिडात देहान्ताच्या शिक्षेचा खटला असेल, तरच गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळत असे. गिडियनने स्वतःच आपली बाजू मांडली. पण साक्षीदारांना नेमके काय विचारावे, हे त्याला कोठून कळणार? तो दोषी ठरला. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

गिडियन गप्प बसला नाही. तुरुंगात तो कायद्याची पुस्तके वाचू लागला. जानेवारी १९६२ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला. त्या अर्जात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण म्हणणे स्पष्ट होते. वकिलाशिवाय माझा न्याय झाला नाही, असे त्याने कळवले. १८ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला : गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या गरिबाला वकील मिळालाच पाहिजे.

ऑगस्ट १९६३ मध्ये खटला पुन्हा चालला. या वेळी फ्रेड टर्नर हे वकील गिडियनच्या बाजूने उभे होते. ते त्याच शहरातले. त्यांनी आधी नीट तयारी केली. मुख्य साक्षीदार स्वतः इतक्या पहाटे तेथे काय करत होता, हे त्यांनी खोदून विचारले. ज्यूरीने सुमारे तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले. आरोपी तोच, आरोपही तोच. फरक फक्त वकिलाचा होता.

त्याच वर्षी फ्लोरिडाने गरिबांसाठी पगारी वकील नेमण्याचा कायदा केला. त्यांना 'पब्लिक डिफेंडर' म्हणतात. मात्र तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. एका वकिलाकडे वर्षाला गंभीर गुन्ह्यांचे १५० हून अधिक खटले नसावेत, असे अमेरिकेतील एका राष्ट्रीय आयोगाने १९७३ साली सुचवले. तरीही अनेक ठिकाणी ही मर्यादा पाळली जात नाही. ज्या वकिलाला आरोपीशी बोलायलाही सवड नाही, तो त्याचा बचाव कसा करणार?

आपल्या संविधानाच्या कलम ३९-अ मध्येही मोफत कायदेविषयक मदतीचे तत्त्व आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. हा उपकार नाही, हक्क आहे. पण वकील नुसता नावाला नको. त्याला तयारीसाठी वेळही हवा. तरच गरिबाला खरा न्याय मिळेल.

शब्दार्थ
देहान्ताची शिक्षा – मृत्यूची शिक्षा
ज्यूरी – खटला ऐकून निर्णय देणारे निवडक नागरिक
सवड – मोकळा वेळ

स्वाध्याय
१. गिडियनला पहिल्या खटल्यात वकील का मिळाला नाही?
२. टर्नर यांनी काय केले, म्हणून निकाल बदलला?
३. 'वकील', 'अर्ज' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी चार शब्द पाठातून शोधा.