अपडेट अडकले, तर काय करावे?



संगणक सुरू करावा आणि पडद्यावर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' ही सूचना तासभर हलू नये, हा अनुभव कोसाडमधल्या आपल्या अनेक घरांना असेल. वैतागून काही जण अपडेट कायमचेच बंद करून टाकतात. हा उपाय सोपा वाटतो, पण महागात पडतो. का, ते आधी पाहू.

अपडेट कशासाठी?

विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम संगणकाचे सर्व काम चालवते. तिच्यातील त्रुटी लक्षात आली की कंपनी दुरुस्ती पाठवते. तेच अपडेट. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने अशाच एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती दिली. ती न बसवलेल्या संगणकांत १२ मे २०१७ पासून 'वॉनाक्राय' शिरला आणि दीडशे देशांत पोहोचला. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग तीच त्रुटी होती. मर्स्क समूहाचे संगणक बंद पडले आणि न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. बंदराची ही गत, तर आपल्या घरचे फोटो, हिशेब आणि शाळेचे प्रकल्प किती सुरक्षित?

अडचण आली तर हा क्रम पाळावा

१. धीर धरा. जुन्या संगणकाला वेळ लागतो. दोन-तीन तासांनीही टक्केवारी हलत नसेल आणि डिस्कचा दिवाही लुकलुकत नसेल, तरच पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करा व पुन्हा सुरू करा. पावसाळ्यात वीज जाण्याची भीती असेल तेव्हा अपडेट सुरूच करू नका. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा.

२. जागा पाहा. सी ड्राइव्ह भरलेला असेल तर अपडेट बसत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या क्रमाने जाऊन टेम्पररी फाइल्स काढा. त्या यादीत 'डाउनलोड्स' असेल तर त्यावरची खूण आधी काढा, नाहीतर कामाच्या फाइल्सही जातील.

३. तारीख व वेळ तपासा. ती चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही. दर वेळी तारीख मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बदलून घ्या.

४. इंटरनेट पाहा. मोबाईलच्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' ठरवलेले असेल, तर विंडोज बरीचशी अपडेट्स थांबवून ठेवते. हा बिघाड नव्हे.

५. सेटिंग्जमधील ट्रबलशूट विभागात विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा.

६. अपडेटनंतर संगणक सुरूच होत नसेल, तर दोन-तीन अयशस्वी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा येतो. तेथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स असे जाऊन शेवटचे अपडेट काढता येते.

दोन सावधगिरीच्या सूचना

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीच्या योजनेत नोंद केलेली नसेल, तर तेथे सुरक्षेची अपडेट्स येणार नाहीत. आपला संगणक विंडोज ११ ला चालेल का, हे मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत प्रोग्रामने कळते. शाळेसाठी संगणक घेताना किंवा देणगी म्हणून स्वीकारताना विश्वस्तांनीही हे पाहावे.

दुसरे, इंटरनेट पाहताना मध्येच 'अपडेट करा, या क्रमांकावर फोन करा' असे आले तर ती फसवणूक समजावी. खरे अपडेट सेटिंग्जमध्येच मिळते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

घरी करून पाहा

मुलांनो, या रविवारी आईवडिलांना सोबत बसवा. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली आहे ते वहीत लिहा आणि शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते शोधा. प्रत हाताशी असली की अपडेटची भीती उरत नाही.