बुरुजांवरील तोफांची निगा : एक लोकोपयोगी छंद

नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील औसा व उदगीर हे तीनही भुईकोट किल्ले होत. डोंगरी किल्ल्याला कड्यांचे नैसर्गिक संरक्षण असते. भुईकोटाला मात्र खंदक, तट आणि तोफा यांवरच विसंबावे लागे. कंधारचे नाव राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्यापासून घेतले जाते, म्हणजे तेथील वसाहत तोफांहून कितीतरी जुनी आहे. परंतु आज आपल्याला दिसणारे रुंद, अर्धगोल बुरूज व त्यांच्या माथ्यावरील प्रशस्त चौथरे तोफांच्या काळातील आहेत. औसा व उदगीर हे किल्ले १६३६ साली मोगलांच्या हाती गेले. पुढे ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या विजयात इब्राहिमखान गारदी याच्या शिस्तबद्ध तोफखान्याचा वाटा मोठा होता आणि सुमारे साठ लक्ष उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला. उदगीरच्या शाळेत हा पाठ शिकविणाऱ्या शिक्षकास तोफ दाखविण्यासाठी दूर जावे लागत नाही, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे.

या तीनही किल्ल्यांत जुन्या तोफा अद्याप आहेत. त्यांची निगा राखणे हा छंद होऊ शकतो काय, असा प्रश्न अलीकडे अनेक तरुण विचारू लागले आहेत. इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील निकामी केलेल्या तोफा विकत घेऊन, त्यांचे गंजलेले भाग वर्षानुवर्षे खपून दुरुस्त करणारे हौशी लोक आहेत. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू असल्यामुळे तोफ घरी बाळगण्याची हौस कोणास करता येणार नाही. मात्र किल्ल्यावरील तोफेची सेवा करता येते. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांचे स्वयंसेवक राज्यातील अनेक किल्ल्यांवर सागवानी तोफगाडे बसवीत आहेत. मातीत रुतलेली तोफ गाड्यावर चढली म्हणजे गावाचे तिच्याकडे पाहण्याचे डोळेच बदलतात. हे काम स्तुत्य आहे. तथापि त्यात उत्साहाइतकीच माहितीची गरज आहे, कारण तोफेची जितकी हानी पावसाने होते तितकीच ती अजाण हातांनीही होते.

प्रथम तोफेची घडण समजून घेतली पाहिजे. जुन्या तोफा मुख्यतः दोन रीतींनी तयार होत. पहिली ओतीव. तांबे व कथील यांचा रस साच्यात ओतून ती करीत. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध तोफ होय. ती १५४९ साली अहमदनगर येथे महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते. काही काळ ती आपल्या मराठवाड्यातील परांडा किल्ल्यावर होती आणि १६३२ साली तेथून विजापुरास नेण्यात आली.

दुसरी रीत घडीव लोखंडाची. लांब लोखंडी पट्ट्या नळीच्या आकारात कडेला कड लावून उभ्या करीत आणि त्यांवर तापवून लाल केलेली जाड कडी एकापाठोपाठ एक चढवीत. कडे निवताना आकसते व आतील पट्ट्या घट्ट आवळते. अशा तोफेस ‘बांगडी तोफ’ हे नाव पडले ते यामुळेच. ज्यांनी गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना पाहिले आहे, त्यांना ही युक्ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. गोवऱ्यांच्या आगीत धाव तापवावयाची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे, की चाकाचे सारे सांधे करकचून बसतात. चाक आणि तोफ या दोहोंच्या मुळाशी धातूचा एकच गुणधर्म आहे. विज्ञानाच्या शिक्षकास उष्णतेने होणारे प्रसरण शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

या घडणीतच बांगडी तोफेचे दुखणेही आहे. कडी आणि पट्ट्या यांच्या सांध्यांत पाणी शिरते आणि गंज आतून धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्यामुळे तो कडे फुगवितो, तडे पाडतो, पापुद्रे सोडवितो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. तोफ जमिनीच्या ओलीपासून वर उचलून ठेवावी आणि नळीत पाणी साचू नये एवढा तिच्या तोंडाला उतार द्यावा. तोंडात सिमेंट भरणे, चौथऱ्यात तोफ सिमेंटने चिणून टाकणे हे प्रकार सर्रास दिसतात. त्यामुळे ओल आत कोंडते व लोखंड झपाट्याने खचते. राष्ट्रीय सणाच्या आदल्या दिवशी काळा अथवा चंदेरी तैलरंग फासण्याची रीतही अशीच घातक. रंगाखाली गंज वाढत राहतो आणि वरची अक्षरे मात्र बुजतात. सुटा गंज मऊ कुंचल्याने काढणे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली टॅनिक आम्लाचा हात देऊन उरलेल्या गंजाचे स्थिर काळ्या थरात रूपांतर करणे आणि त्यावर संरक्षक मेणाचा लेप देणे, ही मान्य पद्धत आहे. ओतीव तोफेवरील हिरवट थर तर मुळीच घासू नये. तो बहुधा धातूचे कवचच असतो. चिंच लावून समई उजळावी तशी तोफ उजळण्याचा मोह आवरला पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची आहे. तोफ ठासलेली असू शकते. न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कमधील एका जुन्या तोफेची सफाई करताना २०१३ साली तिच्यात गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू आढळली, आणि दारू स्फोटक्षम होती. तेव्हा ज्या तोफेची नळी बुजलेली आहे तिला ठोकणे, भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा आच देणे पूर्णतः वर्ज्य समजावे आणि पोलिसांना कळवावे. तसेच वजनाचा अंदाज नजरेने करू नये. दोन मीटर लांब, बाहेरून ३० आणि आतून १० सेंटिमीटर व्यासाची सरळ लोखंडी नळी जवळजवळ एक टन भरते. चार गडी व दोन कासरे यांचे ते काम नव्हे.

तोफगाड्याविषयीही थोडा विचार हवा. बुरुजावरील मोठ्या तोफा सगळ्याच चाकांच्या गाड्यावर नसत. चौथऱ्याच्या मध्यभागी खुंटा असे आणि त्याभोवती तोफ फिरवून चहूकडे मारा करता येई. बुरुजावर अशी खूण असेल तर तेथे चाकांचा गाडा शोभिवंत दिसला तरी इतिहासाला सोडून होईल. नळीला भोक न पाडता बसणारा आणि पुढे हवा तेव्हा काढता येणारा गाडाच करावा. तोफ चावडीपुढे किंवा चौकात आणून उभी करण्याची हौसही आवरती घ्यावी. ज्या बुरुजावर ती होती, तिचे तोंड ज्या वाटेकडे होते, तोच तिचा पुरावा. जागा सुटली की ती तोफ नुसते लोखंड उरते.

कायद्याची बाजू पंचायत सदस्यांनी ध्यानी घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी तोफ १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियमाखाली येते. संरक्षित किल्ल्यावर काहीही करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. विहीर खणताना किंवा शेत नांगरताना पुरलेली तोफ वा गोळे सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

सरकारी दप्तरातील एका नोंदीचे महत्त्व ‘मलिक-ए-मैदान’नेच दाखवून दिले आहे. १८५४ साली निरुपयोगी सामान म्हणून ती लिलावात काढण्यात आली आणि सर्वोच्च बोली आली अवघी दीडशे रुपयांची. स्थानिक मामलेदाराला ती रक्कम फारच अल्प वाटली, शिवाय लोकांचा त्या तोफेविषयीचा आदरही त्याला ठाऊक होता. त्याने वरिष्ठांना तसे कळविले आणि विक्री रद्द झाली. त्या मामलेदाराने हात लावून काही दुरुस्त केले नाही, पण ५५ टनांची तोफ भट्टीत जाण्यापासून वाचविली.

ज्या गावात किल्ला आहे तेथील शाळेने आणि ग्रामपंचायतीने आरंभ नोंदवहीपासून करावा, हे या दृष्टीने सुचवावेसे वाटते. त्याला खर्च नाही. प्रत्येक तोफेची लांबी, तोंडाचा व बुडाचा घेर, नळीचा व्यास, ओतीव की घडीव, बाजूचे कान शाबूत आहेत की नाहीत, ती कोणत्या बुरुजावर असून तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे लिहावे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर पडताळून पाहावे. भंगारचोरीचा तपास करताना पोलिसांनाही हीच वही उपयोगी पडते. तोफेवर लेख असेल तर त्यावर खडू, तेल वा शेंदूर न लावता सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. झिजलेली फारसी अक्षरे त्या वेळी सर्वांत स्पष्ट उठून दिसतात.