उधारीची मुदत, बिलाची ओळ आणि कोर्टाची पायरी

आमच्या गांधीबागेच्या कापड बाजारात रोखीपेक्षा उधारीचा धंदा मोठा. इतवारीत, मोमिनपुऱ्यात, कामठीतही तीच तऱ्हा. माल छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, आदिलाबादकडे जातो आणि पैसे लग्नसराईनंतर नाही तर धान विकल्यानंतर येतात. जबानीवर चालणारा हा व्यवहार बहुतेक वेळा निभावतो. निभावला नाही तर आपल्या हाती काय राहील, याचा विचार माल देताना कोणी करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

छत्तीसगडमधील एका दुकानदाराकडे आमचे 1,86,000 रुपये अडकले. बारा वर्षांचे संबंध होते. तगादा केला की तो पाच-सात हजार रोख पाठवी, आम्ही खात्यात जमा करू आणि खाते चालू आहे म्हणून मनाची समजूत घालू. पुढे त्याने फोन घेणेच बंद केले. तेव्हा खातेवही बगलेत मारून आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी आधी शेवटच्या बिलाची तारीख विचारली. त्या बिलाला तीन वर्षे चार महिने झाले होते.

"पण सहा महिन्यांपूर्वीच सात हजार आले आहेत," आम्ही म्हणालो.

"त्याची सही कुठे आहे?" त्यांनी विचारले.

सही नव्हती. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल पोचवल्या दिवसापासून, ठरली असेल तर ती संपल्या दिवसापासून ही तीन वर्षे मोजतात. ती सरण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर तिथून नवी तीन वर्षे मिळतात. थोडी रक्कम भरली तरी मिळतात, मात्र त्या भरण्याची नोंद त्याच्या हातची किंवा सहीची हवी. आमच्या मुनीमजींनी आमच्याच वहीत केलेली जमा इथे चालत नाही. तेच सात हजार चेकने आले असते, तर चेकवरची सही कामी आली असती. शेवटी दोन बुजुर्ग मध्ये पडले म्हणून 60,000 मिळाले. बाकीचे गेले.

वहीविषयीही बांधवांचा मोठा गैरसमज आहे. नियमित ठेवलेली वही पुरावा आहे खरी, पण तिच्या एकटीच्या बळावर कोणावर देणे लादता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होते आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून वहीच्या जोडीला सही घेतलेले चलन आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी सांभाळून ठेवावी. शिवाय दर मार्चअखेर बाकीचा उतारा काढून गिऱ्हाइकाची सही व शिक्का घ्यावा. जुने गिऱ्हाईक म्हणते, "भाईजान, आमच्यावर भरोसा नाही का?" आणि आपण ओशाळतो. वास्तविक मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, आणि कुरआनातील सर्वांत लांब आयत तीच. मग ओशाळायचे कशाला?

आता बिलाच्या तळाची ओळ. गुजरातच्या एका जरीधागा कारखान्याने सौद्यात लिहिले होते की वाद खेडा न्यायक्षेत्राच्या अधीन राहील. तामिळनाडूतील सेलमच्या खरेदीदाराने तरीही सेलमलाच दावा लावला. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो तिथे चालेल असे ठरवले. व्यवहाराचा काही भाग सेलमला घडला होता आणि त्या ओळीत 'फक्त' असा शब्द नव्हता. 2013 च्या दुसऱ्या एका निकालात, 'फक्त' नसला तरी उभयतांचा इरादा पाहावा, असे त्याच कोर्टाने म्हटले. तरीही 'फक्त नागपूर न्यायालय' छापायला जादा पैसे पडत नाहीत. मात्र खरेदीदाराची सही नसेल तर ही ओळ त्याने मान्य केली होती की नाही, यावरच वकील झगडत बसतात.

चेकच्या बाबतीत ही ओळ कामाची नाही, तिथे कायदाच गाव ठरवतो. 1 ऑगस्ट 2014 च्या दशरथ रूपसिंग राठोड निकालाने, ज्यातील काही अपिले आपल्या नागपूर खंडपीठाच्या निकालांवरची होती, चेकची फिर्याद देणाऱ्याच्या बँकेच्या गावी नेली. नागपूरच्या व्यापाऱ्याला परगावच्या कोर्टात खेटे घालणे आले. 2015 च्या दुरुस्तीने हे बदलले. आपण आपल्या खात्यात चेक भरला की आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात फिर्याद होते. चेक परतल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्याला पैसे देण्यास 15 दिवस, आणि ते सरल्यावर एका महिन्यात फिर्याद. नोटिशीचे 30 दिवस "बघू, देईल" म्हणण्यात जातात, हे आम्ही बाजारात वारंवार पाहतो.

विणकर आणि कारखानदार बांधवांना 2006 च्या लघुउद्योग कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीची हवी. कायदा व्याजही देतो. ज्यांना व्याज नको त्यांनी मूळ रक्कमच मागावी. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्रीवाल्यांना मात्र उद्यम नोंदणी असूनही हा आधार मिळत नाही.

बाकी 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर दावा व्यापारी न्यायालयात जातो. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. मध्यस्थीत गेलेले दिवस त्या तीन वर्षांत धरले जात नाहीत.