हरितगृहातील चिलटे

पुण्याजवळ तळेगाव दाभाडे परिसरात हरितगृहांमध्ये गुलाब, जरबेरा ही फुले पिकवतात. अशा दमट जागी मातीलगत २ ते ४ मिलिमीटर लांबीची काळसर चिलटे उडताना दिसतात. ती चावत नाहीत. मग शेतकरी त्यांना का भितो?

खरे नुकसान त्यांच्या अळ्या करतात. पारदर्शक अंगाची, काळ्या डोक्याची ही अळी ओल्या मातीच्या वरच्या थरात राहते. बुरशी खाते आणि कोवळी मुळेही कुरतडते. सुमारे २४ अंश सेल्सिअसला अंड्यापासून चिलट होण्यास तीन-चार आठवडे लागतात. म्हणून केवळ उडणारी चिलटे मारून भागत नाही. मातीतली पुढची पिढी तयारच असते.

येथे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. बंद हरितगृहातील हवा बाष्पाने संपृक्त होत आली की बाष्पीभवन मंदावते व माती ओलीच राहते. बाजूचे पडदे उघडून हवा खेळती ठेवली, पाणी सकाळी व बेताने दिले, तर वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर सुकतो. त्यातील अंडी व अळ्या तग धरत नाहीत. खोल मुळांना मात्र ओलावा मिळतो.

प्रयोग करून पाहा. दोन सारख्या कुंड्या घ्या. एकीची माती सतत ओली ठेवा. दुसरीला वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या. दोन्हींजवळ एरंडेल लावलेले पिवळे पुठ्ठे ठेवा. पिवळ्या रंगाकडे चिलटे आकर्षित होतात. मातीवर बटाट्याच्या चकत्या ठेवून दोन दिवसांनी खालची बाजू पाहा. दर आठवड्याला चिलटे व अळ्या मोजून तक्ता करा. महिन्याभराने दोन्ही कुंड्यांचे आकडे तुलून पाहा.