पट्टा जातो, तुकडे उरतात

रस्ता, लोहमार्ग, कालवा किंवा वीजवाहिनी यांसारख्या, अरुंद पट्ट्याने अनेक गावे ओलांडत जाणाऱ्या कामांना रेषीय प्रकल्प म्हणतात. धरणात वावर सबंध बुडते, रेषीय प्रकल्पात मात्र ते मधोमध चिरले जाते, आणि मोबदल्याच्या हिशेबात नेमका हाच फरक सुटतो. मुंबई–नागपूर या सुमारे 740 किलोमीटरच्या नियोजित अतिजलद रेल्वेमार्गावर वर्धा आणि पुलगाव ही स्थानके सुचवली गेली असल्यामुळे हा प्रश्न सेवाग्राम परिसरातील खातेदारांच्या धुऱ्यापर्यंत येऊन ठेपला आहे. या परिसराला रेल्वे नवी नाही, कारण सेवाग्राम, म्हणजेच पूर्वीचे वर्धा पूर्व, हे जुने स्थानक आहे. शिवाय 284 किलोमीटरचा वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्ग आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यांच्यासाठी वर्धा जिल्ह्याने अलीकडेच जमीन दिलेली आहे.

अशाच प्रकारचा मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्ग बहुतांशी खांबांवरील पुलावरून जातो आणि त्याच्या दुहेरी रुळांसाठी साधारण 17.5 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. 200 मीटर लांब व 100 मीटर रुंद अशा दोन हेक्टरांच्या वावरातून असा पट्टा लांबीने गेल्यास 35 आर जमीन जाते. मात्र विहीर एका बाजूला आणि ओलिताची जमीन दुसऱ्या बाजूला राहिली, पांदण तुटली किंवा पुलाऐवजी घातलेल्या भरावामुळे काळ्या जमिनीतले पावसाचे पाणी अडून कपाशी पिवळी पडली, तर उरलेल्या 165 आर जमिनीचे नुकसान त्या 35 आरमध्ये कोठेच दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचे वावर पूर्वी अशाच एका रेषीय प्रकल्पात गेले, तेव्हा घरातील सर्वांचे लक्ष एकरी दरावर खिळलेले होते आणि संयुक्त मोजणीच्या दिवशी, म्हणजे भूमी अभिलेख, महसूल व प्रकल्प यांचे कर्मचारी एकत्र येऊन हद्द आणि जमिनीवरील मालमत्ता नोंदवतात त्या दिवशी, कुटुंबातील जाणते कोणीही वावरात हजर नव्हते. परिणामी विहिरीपासून पलीकडच्या तुकड्यापर्यंत जमिनीखालून नेलेली जलवाहिनी नोंदीत आलीच नाही. सातबारा दिवंगत आजोबांच्या नावे राहिल्याने वारसांत वाटा ठरेना, आणि तो वाद मिटण्याची वाट पाहताना वाढीव मोबदला मागण्याची मुदत उलटून गेली. यात फसवणूक कोणाचीच नव्हती; जे कागदावर नव्हते ते निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या अंतिम आदेशात, उतरले नाही, एवढेच घडले.

म्हणून नोटीस हाती येण्यापूर्वीच वारसांचा फेरफार करून सातबारा व आठ-अ अद्ययावत करावेत, विहीर, बोअर व झाडे यांची नोंद आणि ई-पीक पाहणी पूर्ण करावी, आणि जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, किंवा विनोबांच्या पवनारलगतच्या या भागात भूदानात मिळालेली असल्यास तिचे मूळ कागद आधीच मिळवून ठेवावेत.

नोटीस आल्यावर पहिला प्रश्न संपादन कोणत्या कायद्याने होत आहे हा असावा, कारण 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घेण्यास 60 दिवस मिळतात, तर 1989 च्या रेल्वे कायद्यातील विशेष प्रकल्पांच्या तरतुदींनुसार केवळ 30 दिवस मिळतात. बाजारमूल्य काढताना मागील तीन वर्षांतील जवळपासच्या खरेदीखतांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी विचारात घेतली जाते. ग्रामीण भागात त्याला राज्याने अधिसूचित केलेल्या 1 ते 2 या मर्यादेतील गुणकाने गुणतात, त्यात झाडे व बांधकामे यांची किंमत मिळवतात आणि येणाऱ्या रकमेइतकीच, म्हणजे 100 टक्के, दिलासा रक्कम देतात. या चारही आकड्यांची लेखी प्रत मागावी. जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसान विचारात घेण्याची तरतूद 2013 च्या कायद्याच्या कलम 28 मध्ये आहे, परंतु तिचा आधार मिळण्यासाठी तुटलेली पांदण, अडणारे पाणी आणि निरुपयोगी ठरणारा कोपरा हरकतीत स्वतंत्रपणे मांडावा लागतो, आणि भुयारी मार्ग किंवा मोरी हवी असल्यास तिची जागा आखणीच्या वेळीच नकाशावर दाखवून घ्यावी लागते, कारण भराव पडल्यावर ती मागणी सहसा मागणीच राहते.

थेट खरेदीच्या पद्धतीत महाराष्ट्रात 25 टक्के अधिक रक्कम मिळते व पैसे लवकर हाती येतात, हा तिचा खरा फायदा आहे. पण संमतीने खरेदीखत झाल्यावर दर वाढवून मागण्याची वाट सहसा बंद होते, हे जाणूनच सही करावी. निवाडा अमान्य असल्यास रक्कम हक्क राखून, म्हणजे लेखी नाराजी नोंदवून, स्वीकारावी आणि निवाड्याच्या वेळी खातेदार हजर असेल तर सहा आठवड्यांत 2013 च्या कायद्याच्या कलम 64 खाली प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवण्याचा अर्ज करावा.

एकरी दर किती मिळेल याची चर्चा पारावर होतच राहील. खातेदाराने मात्र मोजणीच्या दिवशी वावरातच असावे, प्रत्येक झाड, विहीर, जलवाहिनी आणि धुरा पंचनाम्यात लिहिला गेल्याची खात्री करावी, आणि त्याची प्रत हाती पडल्याखेरीज सही करू नये.